प्रौढांचा विटीदांडू: एक शास्त्रशुद्ध दिग्दर्शन

विटीदांडू हा बालकांचा खेळ असल्याचा समज रूढ असला, तरी वर्धा जिल्ह्यात त्याचा खरा उपासक म्हणजे चाळिशी ओलांडलेला, नोकरीनिमित्त शहरात स्थिरावलेला आणि सुटीत गावी येऊन ‘आमच्या वेळचे नियम’ सांगणारा गृहस्थ होय. प्रस्तुत विवेचन त्याच्यासाठी आहे.

दांडू दीड-दोन फुटांचा असावा आणि विटी, जिला गिल्ली असेही म्हणतात, चार-सहा इंचांची व दोन्ही टोकांना निमुळती असावी. दोन्हींसाठी बाभूळ उत्तम; मात्र ओली फांदी लगेच उन्हात टाकल्यास तडकते, म्हणून ती सावलीत वाळू द्यावी, आणि तेवढा धीर नसल्यास शेजारच्या मुलाचा दांडू मागून घ्यावा.

कपाशीची उलंगवाडी होऊन, म्हणजे शेवटची वेचणी आटोपून, पऱ्हाट्या निघाल्या की मैदान तयार होते. विटी कोलण्यासाठी जमिनीत उभट खळगा खणतात, त्याला गल म्हणतात; मे महिन्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांमुळे अशा गली आयत्याच मिळतात, पण त्याच भेगांत विटीही जाते. पारा ४५ अंशांकडे झुकत असताना सकाळी आठनंतर खेळणे हे शौर्य नसून केवळ मूर्खपणा आहे.

टोला मारताना विटीच्या टोकावर हलकीच टिचकी द्यावी, ती कमरेएवढी उडू द्यावी आणि नजर विटीवरून ढळू देऊ नये. नवखा खेळाडू पहिल्याच टिचकीत सगळे बळ खर्च करतो. जुना खेळाडू ते वादासाठी राखून ठेवतो.

वादाचे मूळ मोजणीत आहे. विटी जिथे पडेल तिथून गलीपर्यंतचे अंतर दांडूनेच मोजायचे असल्याने लांब दांडूने टोला दूर जातो खरा, पण आकडा आखूड दांडूने वाढतो. म्हणून अनुभवी गृहस्थ दोन दांडू बाळगतो आणि दुसरा ‘काठी’ म्हणून सोबत आणल्याचे सांगतो. पुढची मोजणी ‘वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा’ अशी चालते. पहिले चार शब्द तेलुगूतील ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी सरळ जुळतात. पाचव्या जागी येणारा ‘आर’ मात्र तेलुगूत सहाचा वाचक आहे, तेव्हा मधला पाच कोणत्या पिढीने खाल्ला हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. ‘डोळा’ या डावात विटी खरोखरच डोळ्यावर ठेवून टोलवतात. चष्माधारकांनी तो सोडावा.

विटीदांडूत ज्याचा दांडू त्याचे नियम, हीच घटना. आणि खेळाडू रुसून दांडू घरी घेऊन गेला की डाव तिथेच विसर्जित होतो. गेल्या उन्हाळ्यात तो असाच विसर्जित झाला, आणि खरे सांगायचे तर आकडा चोवीस नव्हता, एकोणीसच होता.

सेलू-हिंगणी रस्त्यालगतच्या शेतात नांगरताना बाभळीची, एका टोकाला किंचित फुटलेली विटी कुणाला आढळल्यास ती जपून ठेवावी. दिवाळीच्या सुटीत ती मागायला येणारा आहे.