पसरणी घाटातील चौकशी

ॲम्बॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांचा अंमल ज्यांनी पाहिला आहे त्यांना स्मरत असेल की, त्यांच्या रेडिएटरमागचा पंखा पट्ट्याने थेट इंजिनाशी जखडलेला असल्यामुळे त्याला स्वतःचे असे मत नसे. इंजिन फिरले की तो निमूटपणे फिरे आणि पट्टा तुटलाच तर तो अपराध उघड्या डोळ्यांना दिसे. पुढे लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवण्याची प्रथा आली, क्रँकशाफ्टचे टोक एका बाजूला आणि रेडिएटरचे तोंड दुसऱ्या बाजूला झाले, पट्टा पोहोचेनासा झाला, आणि पंखा विद्युत खात्याकडे वर्ग झाला. या बदलीबरोबर त्याच्या अंगी कचेरीचे सारे गुण आले. आता केवळ पाणी तापले म्हणून पंखा हलत नाही; ते तापल्याची वर्दी ९०-९५ अंशांच्या सुमारास थर्मोस्विचने द्यावी, ती रिलेपुढे रुजू व्हावी, रिलेने टिक् असा ध्वनी करून मंजुरी द्यावी, फ्यूजने हरकत घेऊ नये, आणि मग बॅटरीच्या खजिन्यातून निघालेली वीज पंख्याच्या मोटरपर्यंत पोहोचावी, असा रिवाज आहे.

आमच्या वृद्ध गाडीतील या कारभाराची साद्यंत चौकशी मे महिन्यात, महाबळेश्वरच्या वाटेवर झाली, आणि तिला सौभाग्यवतींचे मामा, जे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले असून अद्याप मनाने निवृत्त झालेले नाहीत, ते जातीने हजर होते. पुण्याच्या प्रत्येक सिग्नलपाशी उष्णतेचा काटा चढे आणि शिरवळच्या मोकळ्या रस्त्यावर आपसूक उतरे. गाडी वेगात असली की समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज पडते ती गाडी थांबली वा रांगू लागली म्हणजे, हे मी त्यांना सांगताच ते म्हणाले, "म्हणजे वरिष्ठांचा वारा आहे तोवर कामचुकारपणा उघडकीस येत नाही. चालायचेच, जावईबापू."

खंबाटकी कशीबशी निभावली, सुरूर फाट्यावरून आम्ही वाईकडे वळलो, आणि पसरणी घाटात एका मालट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागताच काटा तांबड्या रेषेकडे निघाला. अशा वेळी शास्त्रोक्त उपाय एकच, तो म्हणजे हीटर पूर्ण सोडणे. कारण हीटरच्या पोटात एक धाकटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची उष्णता तो गाडीत ओततो. मेच्या भर दुपारी हा उपाय अमलात आणला असता इंजिनाला आराम पडला की नाही हे सांगणे कठीण आहे, मात्र मामांनी टोपी काढली, जी त्यांनी माझ्या देखत आजवर कधी काढली नव्हती.

वळणावर जागा पाहून गाडी उभी केली. खाली वाई आणि धोम धरणाचे पाणी सुरेख दिसत होते. पण बॉनेट उघडे असलेल्या मोटारीभोवती जमणाऱ्या माणसांना निसर्गाचे आकर्षण नसते. एकाने थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने "डायरेक्ट करून टाका" म्हणून फर्मावले, आणि तिसरा तर रेडिएटरचे झाकणच उघडू लागला. त्याला मी हात धरून आवरले. त्या उंचीवर उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते; झाकणाखाली दाब असल्यामुळे ते शंभराच्या पलीकडे जाऊनही शांत राहते, आणि दाब सुटला की एकदम उसळून उघडणाऱ्याचे तोंड भाजते.

शेवटी वाईहून एक वायरमन दुचाकीवरून आला, आणि इतक्या लोकांत बोलला नाही तो हा एकटाच. चावी बंद ठेवून त्याने पाती बोटाने फिरवून पाहिली. ती अडली नाहीत. मग चावी देऊन थर्मोस्विचची एकुलती एक तार उपटून इंजिनाच्या धातूला टेकवली. रिले टिक् वाजला, पंखा ढिम्म. येणेप्रमाणे स्विच आणि रिले हे दोन आरोपी निर्दोष सुटले. मोटरचे कनेक्टर सोडवून मीटर लावला तर बारा व्होल्ट पुरे!

"रक्कम पोहोचल्याची नोंद आहे," मामा गंभीरपणे म्हणाले, "मग मोटर जळाली."

"मीटर नुसती विचारपूस करतो, काका," वायरमन प्रथमच बोलला, "काम करून घेत नाही." आणि त्याने खिशातून हेडलाइटचा जुना बल्ब काढून त्याच दोन टोकांना जोडला. बल्ब जेमतेम लालसर झाला. मीटरला वीज नाममात्र लागते, म्हणून गंजलेल्या वाटेनेही त्याचे भागते. बल्बला आणि मोटरला ती भरपूर लागते, आणि तिथे गंजाचे सोंग उघडे पडते. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला आवळलेला अर्थचा बोल्ट ॲसिडच्या पांढऱ्या बुरशीने आणि गंजाने माखून गेला होता. तो सोडवून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळताच पंखा असा घोंघावला की जमलेली मंडळी दोन पावले मागे सरली.

"म्हणजे मंजुरी होती, रक्कमही होती," मामांनी निकाल दिला, "परतीचा कागद अडला होता. आमच्याकडे निम्मी प्रकरणे अशीच पडून असत." डायरेक्टवाल्या गृहस्थांना हे पटेना, वास्तविक बॅटरीपासून नवी तार ओढून, डॅशबोर्डवर बटण बसवूनही तो पंखा त्या अर्थवर फिरला नसता, आणि फिरला असता तरी बटण दाबायला विसरले की इंजिन तापते व बंद करायला विसरले की बॅटरी उतरते.

वायरमनने मजुरी इतकी थोडी सांगितली की मामांनाही घासाघीस करायला संकोच वाटला; पावती मात्र त्यांनी मागितलीच. जुनी गाडी घेऊन घाट चढणाऱ्यांनी डिकीत दहाचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दोन तारा जोडलेला हेडलाइटचा एक जुना बल्ब अवश्य ठेवावा. मीटर नसला तरी चालेल.