पण बसायला मिळतं

नवऔंढेकर, म्हणजे मुंबई सोडून लोणावळ्याजवळच्या औंढे गावी राहायला आलेला माणूस, ओळखायचा असेल तर त्याला नुसतं "कसं काय?" विचारावं. बाकीची माणसं "बरं चाललंय" म्हणून मोकळी होतात. हा "आम्ही इकडे शिफ्ट झालो ना..." अशी सुरुवात करतो आणि पुढची वीस मिनिटं तुमची सुटका नसते. आधी हवा येते. मग पाणी. मग मुलाचा खोकला, जो मुलुंडला बारा महिने असायचा आणि इथे आल्यापासून पळून गेला. (पळाला नाही, जुलैत परत आला. पण ते त्याची बायको सांगते, आणि तेही हा पाण्याची मोटर बंद करायला उठला की.) मग गच्चीवरून दिसणारे लोहगड आणि विसापूर. लोहगडाला २०२५ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा यानं ऑफिसात पेढे वाटले होते. गड यानेच बांधल्यासारखा चेहरा होता, असं ऐकतो.

आणि सगळ्यात शेवटी येतो हिशेब. मुलुंडच्या वन-बीएचकेचं भाडं किती, इथल्या टू-बीएचकेचा हप्ता किती, मध्ये किती वाचतात, वाचलेल्याची एसआयपी कुठे, हे सगळं तोंडपाठ. ऐकणारा गप्प बसला तर ठीक. पण एखादा मुंबईकर हटकतोच, "आणि ऑफिस? लोणावळ्याहून सीएसएमटी म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर झाले."

"एकशे अठ्ठावीस," हा दुरुस्त करतो. "सव्वादोन तास. पण बसायला मिळतं!"

हे वाक्य म्हणजे त्याच्या संसाराचा पाया. डोंबिवलीचा माणूस सव्वा तास उभा जातो, तोही एका पायावर. हा सव्वादोन तास बसून जातो. म्हणजे डोंबिवलीकराचा सव्वा तास वाया गेला आणि याचे सव्वादोन तास कमावले गेले. या गणितात कुठेतरी गडबड आहे असं मला कायम वाटत आलंय, पण नेमकी कुठे ते सापडेपर्यंत तो मिसिंग लिंकवर पोचलेला असतो. खोपोली ते कुसगाव हा द्रुतगती मार्गाचा नवा तुकडा म्हणजे त्याचा हुकमाचा एक्का. कुसगाव औंढ्याच्या शेजारचंच. "अंतर सहा किलोमीटरनं कमी," तो म्हणतो. आता हा जातो गाडीनं, म्हणजे रेल्वेनं. रस्त्याचे सहा किलोमीटर वाचून याचं काय वाचणार? पण जागेचे भाव वाढणार. आणि भाव वाढणार असतील तर माणूस विकणार नसला तरी सुखी होतो.

आता खरं सांगायचं तर याला इथे आणला २०२० सालानं. ऑफिसला टाळं लागलं. एका खोलीत दोन लॅपटॉप, दुसरीत दोन वर्षांचं पोर, आणि खाली सोसायटीनं बाग दोरी बांधून बंद केलेली. त्या दिवसांत कंपनीच्या साहेबानं कुठल्याशा मीटिंगमध्ये "आता कायम घरूनच" असं म्हटलं. साहेब बोलून गेला. यानं पुढच्या वर्षी टेम्पो केला. वॉशिंग मशिन, पाळणा आणि तुळस घेऊन हे कुटुंब घाट चढून वर आलं. यथावकाश कंपनीचं पत्र आलं, आठवड्यातून तीन दिवस हजर राहावे. साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता.

या पत्रानंतर याला भूगोल कळला. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला येऊन थांबते. पुण्याची लोकल लोणावळ्याला येऊन थांबते. मधला घाट दोघींपैकी कोणाचाच नाही. १८६३ साली रेल्वेनं बोगदे खणून, एकास सदतीसचा चढ घालून हा घाट बांधला, तो मद्रासकडे आणि दख्खनच्या कापसाकडे नजर ठेवून. मुलुंड सोडून हवा खायला वर गेलेल्या माणसाची रोजची सोय तेव्हाच्या साहेबांच्या डोक्यात नव्हती. म्हणून मग सिंहगड एक्सप्रेस, नाहीतर डेक्कन क्वीन. सिंहगडला पहाटे उठावं लागतं. डेक्कन क्वीनला जरा उशिरा निघून चालतं, पण पोचायलाही थोडा उशीर होतो. यानं क्वीन निवडली. राणीबरोबर जाण्यात एक रुबाब आहे, असं तो म्हणतो. बायको म्हणते, रुबाब नाही, झोप.

पहिल्या दिवशी हा पासवाल्यांच्या डब्यात शिरला, खिडकीची रिकामी जागा दिसली आणि बसला. डबा गप्प झाला. पत्ते थांबले. एका काकांनी चष्मा कपाळावर घेतला.

"नवीन का?"

"हो. औंढे."

"अच्छा. ती साहेबांची जागा आहे."

साहेब म्हणजे एका बँकेतले अधिकारी, पुण्यापासून येणारे. त्या वेळी पँट्रीकडे चहाला गेलेले. जागेवर रुमाल नव्हता, पिशवी नव्हती, नाव नव्हतं. पण डब्यातल्या माणसांना विचारलं असतं तर त्यांनी सातबारा काढून दाखवला असता. हा उठला आणि वर्षभर दाराजवळच्या जागेवर बसला. (म्हणजे, बसायला मिळतं ते असं.) मग हळूहळू तो मुरला. कोणाच्या मुलीचं बारावीचं काय झालं, कोणाची बायपास कधी, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी कोण आणतं, कोणाशी राजकारण बोलायचं नाही, हे सगळं त्याला कळू लागलं. संध्याकाळी कर्जतला मागून इंजिनं लागेपर्यंत गाडी उभी राहते, तेव्हा दिवाडकरांचे वडे आणायला उतरण्याची पाळी त्याच्यावर आली. ही बढती होती. शेवटी साहेब निवृत्त झाले, त्यांनी डब्यात पेढे वाटले आणि सर्वांसमक्ष खिडकी याच्या हवाली केली. त्या रात्री घरी येऊन यानं बायकोला ही बातमी ज्या आवाजात सांगितली, त्या आवाजात त्यानं घराचा ताबा मिळाल्याचंही सांगितलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर हा माणूस मुलुंडहून औंढ्याला राहायला आलाच नाही. तो त्या डब्यात राहायला गेला. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, तिचा वाढदिवस दरवर्षी पुणे स्टेशनवर केक कापून साजरा होतो; हा त्या दिवशी पहाटेच उलट्या दिशेची लोकल धरून पुण्याला जातो, केक खातो आणि मग क्वीननं लोणावळ्यावरून मुंबईला जातो. पण गावची जत्रा कधी असते, हे विचारलं तर बायकोकडे बघतो.

बायकोला मात्र माहीत असतं. ती यायला तयार नव्हती, हे विशेष. तिचं काम अजूनही घरूनच चालतं, त्यामुळे गावाशी गाठ तिची पडली. पाणी कोणत्या वारी येतं, डीपी उडाली तर कोणाला फोन करायचा, नवा इंद्रायणी तांदूळ कोणाकडे चांगला आणि कोणाकडे त्यात जुना मिसळतात, हे तिला ठाऊक. (इंद्रायणी हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालं. नवऔंढेकराला हे गाडीतल्या काकांकडून कळलं आणि त्यानं ते घरी येऊन तिलाच शिकवलं.) बाया तिला "ताई" म्हणून दारातून हाक मारतात. त्याला सगळे "साहेब" म्हणतात. गावात एवढ्या वर्षांनंतरही साहेब म्हणत असतील तर आपण पाहुणे आहोत हे समजावं, पण त्याला ते मानाचं वाटतं.

पावसाळ्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तो बोलत नाही. इथे वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. ब्रोशरमध्ये हा पाऊस धुकं आणि हिरवळ होऊन आला होता. प्रत्यक्षात तो चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी होऊन येतो. पापड सादळतात. मीठ चमच्याला चिकटतं. काडीपेटी घासली की नुसती काळी रेघ उठते. कपाटात बल्ब लावून ठेवायची युक्ती ताईला शेजारणीनं सांगितली, आणि तेव्हापासून त्या घरात माणसं अंधारात जेवत असली तरी लग्नातली शेरवानी उजेडात असते. वीज जाते ती वेगळीच. याच डोंगरांवरचं पाणी टाटांनी लोणावळा-वळवणच्या तळ्यांत साठवलं, खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून त्याची वीज मुंबईला दिली. मुलुंडला असताना हा त्या विजेवर एसी लावायचा की नाही ते सांगता येणार नाही, पण आता जिथे पाऊस पडतो तिथे येऊन हा मेणबत्ती शोधतो, हे मी पाहिलेलं आहे.

एवढं असूनही जून ते सप्टेंबर त्याच्या घरी माणूस मावत नाही. मुलुंडला असताना वर्षातून एकदा गणपतीला भेटणारे मावसभाऊ आता दर शनिवारी "सहज" येतात. येताना द्रुतगती मार्गावर तीन तास अडकतात, म्हणून चिडलेले असतात. आल्याबरोबर भजी मागतात. मग त्यांना भुशी धरणावर न्यावं लागतं, तिथे जाताना आणखी अडकतात, आणि परतताना सगळे एकमुखानं म्हणतात, "तुमचं काय बाबा, तुमची रोजच पिकनिक!" ताई तेव्हा ओट्याशी उभी राहून चौथा घाणा काढत असते. सोमवारी ऑफिसात चिक्की न्यावी लागते, हा आणखी एक कर. शेंगदाण्याची, काजूची, तिळाची, शिवाय एका मॅडमना चॉकलेट फज. लोणावळ्याच्या आसपास राहणारा माणूस स्वतः चिक्की खात नाही, फक्त वाहतो.

पत्त्याचाही एक त्रास आहे. कुरिअरवाले सामान पुण्याच्या औंधला नेतात. त्याच्या परभणीच्या आत्यानं "औंढ्याला घर घेतलं" हे ऐकून लगेच हात जोडले. तिला वाटलं पोरगं औंढा नागनाथाच्या पायाशी गेलं. तिचा गैरसमज त्यानं अजून दूर केलेला नाही. आत्या दर महाशिवरात्रीला अभिषेकाचे पैसे पाठवते, असं कळतं.

शेजारी तात्या राहतात. भाताची खाचरं, दोन म्हशी, आणि विकून झालेल्या जमिनीच्या आठवणी. नवऔंढेकराची बाग हा तात्यांचा करमणुकीचा विषय. यानं शहरातून कुंडीची माती विकत आणली, तेव्हा तात्यांनी पोरांना बघायला बोलावलं होतं. "माती इकत आणली सायबानं," एवढंच म्हणाले, पण ते आठवडाभर म्हणत होते. पहिल्या वर्षी याचे टोमॅटो पावसानं सडले, दुसऱ्या वर्षी माकडांनी नेले, तिसऱ्या वर्षी तीन आले; त्यांचे फोटो डब्यातल्या सगळ्यांनी पाहिले आहेत. तात्यांकडचं भात सेंद्रिय आहे का, असं यानं एकदा विचारलं. तात्या म्हणाले, "युरिया टाकतो, पण घरच्या म्हशीचं शेणबी टाकतो. निम्मं सेंद्रिय धरा."

तात्यांचा मुलगा पहाटेच्या लोकलनं तळेगावला कंपनीत जातो. त्याचं लग्न जमत नव्हतं, कारण मुलीकडचे म्हणत, मुलगा गावात राहतो. शेवटी जमलं, ते पिंपरीला फ्लॅट घेण्याच्या बोलीवर. नवऔंढेकर त्याला गच्चीवर बसवून तासभर समजावत होता: हवा, पाणी, लोहगड, मुलांचं बालपण. पोरगं सगळं ऐकून म्हणालं, "दादा, बालपण झालंय माझं इथं. मला आता लिफ्ट पाहिजे."

तसं बालपण यांच्या मुलाचंही चाललंय, आणि जोरात चाललंय. त्या घरातला एकटा तोच पुरता औंढेकर झाला आहे. आवणीच्या दिवसांत तो तात्यांच्या खाचरात चिखलानं माखून असतो, खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं ते त्याला कळतं, आणि इंग्रजी शाळेच्या मुलाखतीत बाईंनी आवडता प्राणी विचारला तेव्हा त्यानं सांगितलं, "आमची म्हस. ती गाभण हाय." निसर्गात वाढावा म्हणून आणलेलं मूल निसर्गात वाढू लागलं, हे पाहून बाप घाबरला आणि त्यानं ऑनलाइन संभाषणाचा वर्ग लावला. वर्ग बुधवारी असतो. बुधवारी वीज जाते. ताईचं आणि महावितरणचं काही ठरलंय का, अशी त्याला शंका आहे.

अलीकडे मात्र त्याचा सूर बदललाय. समोरच्या खाचरात नवी इमारत उठतेय, आणि लोहगडाचा निम्मा भाग तिच्या तिसऱ्या मजल्यानं खाल्ला. हा गच्चीवर उभा राहून तात्यांना म्हणाला, "काही म्हणा, आता पूर्वीचं औंढे राहिलं नाही."

"पूर्वीचं म्हंजी कवाचं?" तात्यांनी विचारलं.

"एकवीस सालचं."

तात्यांनी म्हशीला हाक मारली.

त्या इमारतीत पहिलं कुटुंब परवा आलं. टेम्पोतून वॉशिंग मशिन उतरलं, पाळणा उतरला, मागोमाग तिशी-पस्तिशीचा एक माणूस उतरला आणि आ वासून डोंगराकडे बघत राहिला. याला राहवलं नाही. खाली जाऊन यानं डीपीवाल्याचा नंबर दिला, बल्बची युक्ती सांगितली, चिक्कीबद्दल सावध केलं. भाऊबंद भेटल्यासारखा चेहरा होता. नवा माणूस म्हणाला, "फार बरं वाटलं. माझं ऑफिस फोर्टला आहे हो, आठवड्याला चार दिवस. डेक्कन क्वीननं जायचं ठरवतोय."

हा जरा थांबला. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"कोणत्या डब्यात बसणार?"