पंचवीस हजारांत विरह

गाणं तयार आहे. मित्राच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद ठेवून आणि शेजारच्या काकूंचा मिक्सर थांबण्याची वाट बघत ते रेकॉर्ड झालं आहे. लांबी चार मिनिटं, विषय विरह, मधे बासरी. आता व्हिडिओ हवा आणि त्यात गोष्ट हवी, कारण माईकसमोर डोळे मिटून उभा असलेला गायक बघून घरच्यांशिवाय कुणी रडत नाही. हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. त्यातले दहा मामाचे, आणि मामाची अट एकच: पहिली पाटी ‘निर्माता’ म्हणून त्याच्या नावाची. अट मान्य करून टाका. मामाची खरी अट शूटच्या दिवशी सकाळी कळते.

नवशिके आधी कथा लिहितात आणि मग तिच्यासाठी पैसे शोधत हिंडतात. या शास्त्रात आधी पैसे मोजायचे आणि मग त्यात कोणतं दुःख बसतं ते बघायचं. दोन जिवांची ताटातूट करण्याचे मार्ग अनेक आहेत, पण प्रत्येकाचा भाव वेगळा.

मृत्यू वरवर स्वस्त वाटतो. एक फोटो, एक हार, दोन उदबत्त्या. पण प्रेक्षक विचारतो, ती गेली कशाने? मग दवाखाना आला, सलाइनची बाटली आली, ओळखीच्या डॉक्टरांना दुपारी दोन ते चार ओपीडी रिकामी ठेवायची गळ घालणं आलं. तिथे ट्यूबलाइट असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर एक भागिले पन्नास किंवा एक भागिले शंभर ठेवावं लागतं. मोबाईल स्वतःच्या मर्जीने साठवर गेला की सगळ्या चित्रावरून काळसर पट्टे सरकायला लागतात आणि नायिकेच्या आधी दवाखानाच शेवटचे आचके देतोय असं दिसतं. ही अडचण तरी सुटते. न सुटणारी अडचण म्हणजे नायिकेची आई. ती सेटवर सोबत म्हणून आलेली असते, आणि आपल्या लेकीच्या फोटोला हार घातलेला बघितला की कॅमेऱ्याच्या पुढून चालत येऊन तो काढते.

नायिकेचं लग्न दुसरीकडे लावायचं तर मांडव, वऱ्हाड आणि जेवणावळ लागते. यावर हुशार मंडळी नात्यातलं खरं लग्न गाठतात आणि अक्षतांच्या वेळी आपला नायक मांडवाच्या खांबाला टेकवून रडवतात. तसं करू नये. खऱ्या नवरीच्या सासरकडची माणसं तो कोण, कुठला आणि का रडतोय याची चौकशी सुरू करतात, आणि मग जी गोष्ट घडते ती चार मिनिटांत मावत नाही.

परदेशगमन विमानतळावरच्या जवानांमुळे बाद. गैरसमज हे कारण फुकट, पण गाण्यात संवाद नसल्यामुळे तो मोबाईलच्या पडद्यावरच्या मेसेजमधून सांगावा लागतो. लोक व्हिडिओ थांबवून मेसेज वाचतात आणि त्यांना दिसतं की पहिल्या मेसेजला बॅटरी बारा टक्के होती, रडून झाल्यावर एकाहत्तर. खाली कॉमेंट येते, ‘रडता रडता चार्जिंगला लावला का?’

उरतं गाव सोडून जाणं. याला एक एसटी पुरते. स्टँडवर शूट करायचं तर आगारात रीतसर अर्ज, परवानगी आणि शुल्क. म्हणून रस्त्याकडेचा फाटा बघावा, आणि कॅमेरा स्वतःच्या वावराच्या बांधावर लावावा. खिडकीत ती, झाडाखाली तो, कंडक्टरने दोनदा घंटी मारली की गाडी हलली. शॉट अप्रतिम होतो, फक्त तो एकदाच होतो. एसटी रीटेक देत नाही. नायिका पुढच्या फाट्यावर उतरते, तिथे आधीच मोटारसायकल घेऊन एक पोरगा उभा करायचा, तिला परत आणायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. दर खेपेला तिकीट. इथे सरकारने कलेला मोठा हात दिला आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे तेवढ्याच पैशात दुप्पट टेक. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत.

या शेवटच्या आकड्यापाशी सुज्ञ दिग्दर्शकाने थांबावं. जाणारी व्यक्ती प्रेयसीऐवजी आजी केली तर रीटेकचा खर्च शून्य. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवायचं. गाण्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही, कारण प्रेयसीला आपण अगं-तुगं करतो तसंच आजीलाही करतो. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, ही गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा बरी आहे. गावातलं घर मिटवून आजीला पुण्याच्या दोन खोल्यांत नेणं हा प्रसंग निम्म्या महाराष्ट्राच्या घरात घडून गेलाय, आणि त्यावर गाणी फार नाहीत. गोऱ्या नायिकेने दुपट्टा उडवत बांधावरून पळणं मात्र हजार वेळा होऊन गेलंय. हा शोध तिकिटाच्या हिशेबातून लागला हे मुलाखतीत सांगायचं नाही.

आता कलाकार. नातू म्हणजे गायक स्वतः, त्याचे पैसे वाचले. आजी घरचीच घ्या. कुणी नाक मुरडलं तर त्यांना फाळक्यांचं उदाहरण द्या. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा फाळक्यांनी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत. देशाचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट घरच्या भाकरीवर उभा राहिला असेल, तर तुमच्या चार मिनिटांसाठी कॅटरर सांगणं हा माज झाला. फक्त आजीच स्वयंपाक करील आणि आजीच भूमिकाही करील असं वेळापत्रक लावू नका. ती भाकरी तव्यावर टाकून शॉटला येते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आर्त भाव दिसतात ते भाकरी करपत असल्याचे असतात. ते आले तर टिपून घ्यावेत, हा भाग वेगळा.

शूटच्या दिवशी सकाळी मामा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गॉगल लावून येतो. हीच ती खरी अट. त्याला रोल हवा आहे. प्रेमकथा असती तर त्याला मुलीचा दुष्ट बाप करावा लागला असता आणि त्याने बंदूक मागितली असती. आपल्या कथेत तो आजीला न्यायला आलेला मुलगा. गॉगल राहू द्या. पुण्याहून आल्यासारखा दिसतो.

लोकेशनसाठी वाईकडे धाव घेण्याची एक साथ आहे. मेणवलीचा घाट सुंदर आहे यात वादच नाही. पण २००४च्या ‘स्वदेस’पासून आणि त्याच्या आधीपासून तिथे इतकी शूटिंगं झाली आहेत, की तुमचा एक कॅमेरा आणि दोन पोरं बघून पायरीवर बसलेला म्हातारा ‘बॅनर कुठलं?’ असं विचारतो, आणि उत्तर ऐकून तोंड फिरवतो. त्यापेक्षा आपलं वावर बरं. ऊस असेल तर सोन्याहून पिवळं, मात्र तारखा कारखान्याला विचारून ठरवाव्या लागतात. आजी-नातवाचे सुखाचे शॉट डोक्याएवढ्या हिरव्यागार उसात घेतले, उरलेलं काम पुढच्या रविवारी ठेवलं, आणि मधे टोळी येऊन तोड झाली, तर रविवारी तुम्हाला बुडखे आणि पाचट दिसतं. अशा वेळी कपाळाला हात लावणारा दिग्दर्शक कच्चा. पक्का दिग्दर्शक आधीच कारखान्याच्या चिटबॉयला फोन करून तोड कधी येणार ते विचारतो, तोडीआधी सुख उरकतो आणि तोडीनंतर दुःख घेतो. पहिल्या अंतऱ्यात ऊस, दुसऱ्यात मोकळं रान; असा सेट उभा करायचा तर मुंबईत लाखो रुपये मोजावे लागतात, इथे तो कारखाना स्वतःच्या वाहतुकीने उचलून नेतो. शेजाऱ्याने पाचट पेटवलं तर धूरही फुकट. पाचट जाळू नका, कुजवा, असं कृषी खातं सांगतं आणि ते बरोबरच आहे, तेव्हा तुम्ही पेटवायला सांगू नका. शेजारी ऐकणार नसेलच तर सूर्याकडे तोंड करून कॅमेरा लावा. धूर मागून उजेड आला की उठून दिसतो. पावसाचंही तेच. टँकर मागवायची गरज नाही, मोटारीच्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरून फक्त आजी आणि कॅमेरा यांच्या मधल्या चार फुटांत पाणी उडवा आणि मागून एक हॅलोजन लावा. आजीवर उडवू नका. सर्दी झाली तर मामी तुम्हाला घरात घेणार नाही.

आता स्लो मोशन. भावनिक गाण्यात ते असावंच लागतं, आणि खरी गंमत त्यातच आहे. सेकंदाला पन्नास फ्रेमनी घ्यायचं आणि पंचवीसने दाखवायचं, म्हणजे हालचाल निम्म्या वेगाने होते. पण ओठ गाण्याबरोबर जुळायला हवेत. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायकाने ते दुप्पट वेगाने म्हणायचं. कोल्डप्लेच्या ‘यलो’चा व्हिडिओ २००० साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर असाच झाला. बेत सगळ्या बँडचा होता, पण त्याच दिवशी ड्रमरच्या आईचे अंत्यसंस्कार होते, हवाही बिघडलेली. शेवटी गायक एकटाच भिजलेल्या वाळूत चालत आला, एकाच शॉटमध्ये. पडद्यावर तो कमालीचा शांत दिसतो. प्रत्यक्षात तो गडबडीने गात होता. तुमच्या वावरात हा प्रयोग केला की विरहगीत दुप्पट वेगाने स्पीकरवर वाजायला लागतं, बासरीची पिपाणी होते, तबल्याचा ठेका थेट वरातीच्या बेंजोवर जातो आणि बांधावर जमलेली पोरं नाचू लागतात. त्यांच्यासमोर नातवाने व्याकूळ चेहऱ्याने भराभर ओठ हलवायचे आहेत. तो हसतो. पोरंही हसतात. आजी विचारते, ‘हेच का गाणं तुझं? बरंय की!’ पोरांना वडापाव देऊन पांगवा आणि त्याची तरतूद बजेटमध्ये ‘गर्दी नियंत्रण’ या सदरात करा.

स्पीकर नेहमी गाणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा, कॅमेऱ्याच्या पायाशी नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नातू शंभर मीटरवर विहिरीच्या काठी उभा असेल तर गाणं त्याच्यापर्यंत सात फ्रेम उशिरा पोचतं, आणि एडिटिंगला बसल्यावर तो सबंध अंतराभर गाण्याच्या मागून धावताना दिसतो. ड्रोनच्या शॉटला तर आवाजच मिळत नाही, तेव्हा हात वर करून एक जोरदार टाळी वाजवून घ्या. तेवढ्या टाळीवर एडिटरचे दोन तास वाचतात. ड्रोनबद्दल एवढंच, की अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ प्रकारात मोडतो आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे मिळतो, पण लग्नसराईत नाही. गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. न मिळाल्यास हळहळू नका. ड्रोनने आजवर कुणाला रडवलेलं नाही, भाडं देणाऱ्याशिवाय.

रडवतो तो चेहरा. गायिका शिनेड ओ’कॉनरच्या १९९०च्या प्रसिद्ध व्हिडिओसाठी पॅरिसच्या बागेत चालण्याचे शॉट घेतले होते, पण शेवटी जवळजवळ सगळा व्हिडिओ तिच्या चेहऱ्यावरच राहिला, आणि तिच्या गालावरून ओघळलेला थेंब आधी ठरलेला नव्हता. आईची आठवण आल्याने तो आला. पंचवीस हजारांच्या दिग्दर्शकासाठी यापेक्षा मोठी खुशखबर नाही. ग्लिसरीन ठेवा, पण नातवासाठी. कांदा वापरू नका. लासलगावचा असला तरी त्याने डोळ्यांपेक्षा नाक जास्त वाहतं. आजीला काहीच लावायचं नाही आणि काहीच सांगायचं नाही. ‘आजी, आता दुःखी हो,’ म्हटलं की ती कॅमेऱ्याकडे बघून हसते. तिला कुलूप द्या. दाराला कडी घाल, कुलूप लाव, ओढून बघ आणि किल्ली मामाकडे दे, एवढंच काम. आजी कुलूप दोनदा ओढून बघेल, कारण ती आयुष्यभर दोनदाच ओढत आलीय. किल्ली देताना मामाने हात पुढे केला तरी ती लगेच सोडणार नाही. हा शॉट लांबवा. वीस सेकंद, तीस सेकंद, गाण्यात जागा असेल तेवढा. इथे गॉगल काढायला सांगितला तर मामा ऐकेल. त्यालाही ती किल्ली ओळखीची आहे.

एडिटिंगमध्ये मित्र म्हणेल, थंबनेलवर मुलगी पाहिजे. मुलगी नाही असं सांगा. तो लाल बाण टाकतो म्हणेल. बाण कशाकडे, हे त्याला लेखी विचारा, म्हणजे विषय संपतो. रंग फार निळे करू नका. निळं केलं की दुःख होतं हा समज परदेशातल्या बर्फामुळे झाला आहे, आपल्याकडे दुःख बहुतेक करून एप्रिलच्या उन्हात होतं.

सगळ्यात शेवटी पाटी. मामाच्या नावाआधी ‘श्री.’ हवं की ‘मा. श्री.’, आडनावापुढे ‘पाटील’ लावायचं की ‘सरकार’, हे कागदावर लिहून त्याची सही घ्या आणि मगच फाइल रेंडरला लावा. चूक अपलोड झाल्यावर निघाली तर सगळं पुन्हा रेंडर करावं लागतं, मित्राच्या लॅपटॉपला त्यात रात्र जाते, आणि टेबलफॅन त्याच्याकडे फिरवावा लागतो.