मृत होम थिएटरचा शास्त्रोक्त जीर्णोद्धार

जुने होम थिएटर कधीही बिघडलेले नसते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर ते मांडणाऱ्याच्या मते 'फक्त एक वायर सुटलीये'. ही वायर आजवर कोणालाही सापडलेली नाही, तरी तिच्या नावावर भाव पाडून घ्यावा. मग वूफरचे खोके उचलून पाहावे. जड लागले तर आत ट्रान्सफॉर्मर शिल्लक आहे. हलके लागले तर तांबे आधीच भंगारात गेले आहे. रिमोट मागू नये. रिमोट मागणारे गिऱ्हाईक नवखे ठरते.

गृहप्रवेश घरची मंडळी लग्नाला गेलेली असताना करावा. 'हे कशाला?' या प्रश्नावर 'नव्याची किंमत ऐकली आहे का?' एवढेच बोलून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा. स्क्रू ड्रायव्हर धरलेल्या माणसाशी सहसा कोणी वाद घालत नाही.

थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये पिन खुपसणारे शूर असतात. त्यांच्या शौर्याची वार्ता अंधाराच्या रूपाने घरभर पोहोचते. शहाण्याने सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे मशीनच्या वाटेत शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब ठेवावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर धुगधुगी आहे. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. निदानाच्या शास्त्रात याहून प्रामाणिक उपकरण मला ठाऊक नाही. एलईडी बल्ब इथे कुचकामी. त्याला फक्त प्रकाश देता येतो.

धुगधुगी असली की बहुधा एक धीरगंभीर 'हुंऽऽऽ' ऐकू येतो. भाविकांनी ओंकार समजून हात जोडू नयेत. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायर तिच्या दोन्ही लाटा एकाच दिशेला वळवतो, म्हणून १०० हर्ट्झची लहर उरते. ती गिळण्याचे काम मोठ्या फिल्टर कंडेन्सरचे. तो म्हातारा झाला की लहर थेट वूफरमधून गाऊ लागते. प्लग काढून बोर्ड पाहावा: ४७०० मायक्रोफॅरडच्या जोडीतला एखादा पुरीसारखा टम्म फुगलेला दिसेल. नवीन आणताना व्होल्ट तेवढेच किंवा जास्त घ्यावेत आणि पट्ट्याची बाजू मायनसलाच लावावी. उलटा लावल्यास तो फुटतो, आणि त्या वासाचे स्पष्टीकरण पाहुण्यांना देता येत नाही. जुन्याला हात लावण्याआधी त्यातली साठलेली वीज रेझिस्टर टेकवून रिकामी करावी. एवढे वाक्य थट्टेने घेऊ नये.

'हुंऽऽऽ' गेला, पण आवाजही गेला, तर आयसी उडाली. टीडीए २०३० या पाच पायांच्या आयसीसाठी पुणेकरांनी तपकीर गल्ली गाठावी, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड (ज्याचे सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारल्यास दुकानदारही विचारात पडतो). दुकानदार 'ओरिजिनल की चालणारी?' असे विचारेल. दोन्ही एकाच डब्यातून निघतात. बसवताना आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती हवीच. बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मरवरच्या बोर्डात या आयसीच्या पाठीच्या पत्र्यावर मायनस सप्लाय असतो. चकती विसरलात की हीटसिंकही सप्लायला जोडला जातो आणि सिरीजचा बल्ब पुन्हा भगभगतो.

पाच छोटे स्पीकर तपासायला पेन्सिल सेल पुरे. तारा क्षणभर टेकवल्या की 'टक्' व्हावे. मीटरवर चार ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. हरवलेल्या अर्ध्या ओहमसाठी विक्रेत्याकडे परत जाऊ नये, कॉइलचा डीसी रेझिस्टन्स एवढाच असतो.

आता टीव्हीला जोडणी. मशीनच्या पाठीला सहा आरसीए भोके, टीव्हीच्या पाठीला ऑप्टिकलचे एक. मध्ये डिकोडर लागतो आणि तो बहुधा मशीनपेक्षा महाग पडतो. त्याऐवजी बाणेदारपणे हेडफोनच्या भोकातून स्टीरिओ द्यावा. मग बातम्या देणारी बाई पाचही कोपऱ्यांतून तेच बोलते. यालाच आपण सराउंड म्हणावे. उरला पॉइंट वन, म्हणजे वूफर. त्याचा खालचा सूर स्लॅब ओलांडून वरच्या मजल्यावरच्या काकांना व्यवस्थित पोहोचतो. त्यांना डिकोडर लागत नाही.