टर्बोचा बळी

फोर बाय फोर बाळगणाऱ्यांचे कौतुक करावे तितके थोडे. गाडीला विंच, स्नॉर्केल, टपावर दिव्यांची रांग. वेळ आणि पैसा नाही तो फक्त ऑइल बदलायला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. ताम्हिणी घाटाचा चढ तुडवून वर आल्या आल्या साहेब इंजिन खाडकन बंद करतात, कारण धुके विरायच्या आत सेल्फी हवा. तापलेल्या बेअरिंगात अडकलेले तेल तिथेच करपते. पुढे शिट्टी, निळा धूर, आणि चढावर उसाचा ट्रॅक्टरही हॉर्न देऊन पुढे जातो.

मग निदान ठरलेलेच: कंपनीचा मालच खराब! मेकॅनिकही मनमिळाऊ. नवा टर्बो बसवतो, तुंबलेली ऑइलची नळी जुनीच ठेवतो. नवाही त्याच वाटेने जातो. टर्बोचे सील गेले आणि डिझेल इंजिन स्वतःचेच तेल पिऊ लागले, तर किल्ली काढूनही ते थांबत नाही. गियरची गाडी असेल तर वरच्या गियरमध्ये ब्रेक दाबून, क्लच सोडून ते बंद पाडावे लागते.

तेव्हा दिवे पुढच्या वर्षी घ्या. आधी ऑइल बदला आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन आयडलवर राहू द्या.