कन्सोलबुवा

प्रत्येक कचेरीत एक कन्सोलबुवा असतो. आमचे बुवा चष्मा कपाळावर ठेवतात आणि बॅगेत, डब्याच्या शेजारी, फिकट निळी चपटी कन्सोल केबल. तिचं टोक आताच्या कुठल्याच लॅपटॉपला बसत नाही, म्हणून पुढे अडॅप्टर. अडॅप्टर सैल, म्हणून त्याला रबरबँड. एवढा संसार जोडून, वेग ९६०० वर लावून बुवा काळ्या पडद्यासमोर बसतात, संध्येला बसल्यासारखे.

पुरता शब्द लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ‘कॉन्फिगर टर्मिनल’चं ‘कॉन्फ टी’, ‘शो रनिंग-कॉन्फिग’चं ‘शो रन’. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की वाण्याच्या यादीतही ‘सा २ किलो’ असतं. साखर की साबुदाणा, असा वाण्याचा फोन आला की बुवा खूश. “बरोबर आहे त्याचं. ॲम्बिग्युअस कमांड!”

नवा मुलगा ब्राउझरमध्ये स्विचचं पान उघडून क्लिक करत बसला की बुवांच्या कपाळाला आठी. “उंदराची शेपटी धरून नेटवर्क चालत नाही, बाळा.” त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मलाही कबूल. मजकुरातलं कॉन्फिगरेशन कालच्या प्रतीशेजारी ठेवलं की बदललेली ओळ लगेच सापडते. तेच २४ स्विचांत चिकटवता येतं. माउसवाल्याला २४ वेळा तीच पानं. आणि गेल्या महिन्यात काय बदललंस, असं विचारलं तर तो आढ्याकडे बघतो.

पण परवाचा मंगळवार. ट्रंकवर ४० नंबरचं व्हीलॅन वाढवायचं होतं. केबल बॅगेतच, बुवा जागेवरूनच स्विचमध्ये शिरले आणि मला पगारवाढीची गोष्ट सांगता सांगता ‘अलाउड व्हीलॅन ४०’ टाइप करून त्यांनी एंटर मारलं. मधला ‘ॲड’ राहिला. तो नसला की स्विच समजतो, आता फक्त ४०च; बाकी सगळ्यांना गचांडी. अकाउंट्समधून आरोळी आली, “नेट गेलं!” बुवांचा पडदाही गोठला, कारण तेही त्याच तारेवरून आत गेले होते.

“माझ्या पानावर जुन्या व्हीलॅनच्या टिका समोर दिसतात, सर,” मुलगा हळूच म्हणाला.

बुवांनी ऐकलंच नाही. घड्याळ बघितलं. काम सुरू करण्याआधी त्यांनी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवलं होतं: १० मिनिटांत रद्द केलं नाही, तर स्विच आपणहून झोपून उठणार आणि उठताना जतन केलेलं जुनं कॉन्फिगरेशन घेऊन उठणार. अख्खा मजला चहाला गेला. स्विच पुरता उठेपर्यंत दुसरा चहाही झाला. नेट आलं तसे बुवा उठले, शर्ट खोचला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बघितलंस? तुझ्या माउसला जमलं असतं हे?”