बाहेरचं लावलंय का?

आमच्या पालघर जिल्ह्यात पूर्वी पोरगं तापाने फणफणलं की भगत नाडी धरून सांगायचा, बाहेरचं आहे. आता गाडी बंद पडली की एसीत बसलेला सर्व्हिस ॲडव्हायजर बॉनेट न उघडताच तेच सांगतो. भगत निदान कोंबड्यावर भागवायचा. इथे जीएसटीसकट बिल येतं.

"काका, बाहेरून काही लावलंय का?" वसई फाट्यापासून विरार फाट्यापर्यंत हायवेच्या कडेला जेवढी काचेची शोरूम आहेत, त्यांच्या मागच्या अंगाला हा प्रश्न रोज विचारला जातो. तुम्ही भाबडेपणाने 'हो' म्हणालात की निदान संपलं. रिव्हर्स कॅमेरा लावलाय? बॅटरी त्यानेच उतरली. हॉर्न बदललाय? म्हणूनच काच खाली होत नाही. सीट कव्हरं नवी आहेत? एसी गार न होण्याशी त्यांचा संबंध अजून जोडता आलेला नाही, पण चतुर्थ श्रेणीतलं कारण म्हणून तेही फाइलला लागेल.

आता गाडी घेतली तो दिवस आठवा. चावीच्या मोठ्या पुठ्ठ्याबरोबर फोटो काढायच्या आधी सेल्सच्या पोराने ॲक्सेसरीजची यादी पुढे केली होती. मॅट, मडफ्लॅप, टचस्क्रीन, कॅमेरा, फॉग लॅम्प, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग. "सर, हे पॅकेजमध्येच येतं." ते बसवायला जो पोरगा आला त्याच्या शर्टावर कंपनीचं नाव होतंच असं नाही. वायर त्यानेही कापली, काळी टेप त्यानेही गुंडाळली. पण त्या वायरीवर शोरूमचं बिल आहे, म्हणून ती सोवळ्यातली. तीच स्क्रीन नालासोपाऱ्याच्या दुकानात निम्म्या पैशात बसवली, दुकानदाराने "दादा, कपलर टू कपलर आहे, एक वायर कापत नाही" म्हणून शपथ घेतली आणि ती पाळलीही, तरी ती ओवळी. वीज कुणाच्या बिलबुकातून वाहतेय हे तांब्याच्या तारेला कळतं, हा शोध भौतिकशास्त्राने नव्हे, आपल्या सर्व्हिस सेंटरांनी लावलाय.

सस्पेन्शनमधून खडखड आली तर कारण आणखी सोपं. "रोड कंडिशन, सर." म्हणजे हायवेही आपणच आफ्टरमार्केट बसवून घेतला असावा.

आता हौशी मंडळींबद्दल. मला त्यांचा पुळका नाही. नालासोपारा लिंक रोडवर रात्री समोरून येणारी पांढरीशुभ्र एलईडी डोळ्यांत घुसली की मीही मनातल्या मनात बरंच काही बोलतो. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावून फिरणाऱ्याला वाटतं, आपण रणगाड्यात बसलोय. प्रत्यक्षात धडकेचा जोर कसा आणि कुठे जिरवायचा हे हिशेबाने ठरवलेलं असतं. तो हिशेब गार्डने बिघडला तर एअरबॅग उशिरा उघडेल किंवा उघडणारच नाही. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीवर घट्ट शिवलेलं कव्हर चढवणं हाही तसलाच उद्योग. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-४८ म्हणून कुणाला सूट नाही. सीएनजी किट बाहेरून बसवायचं तर ते मान्यताप्राप्त हवं, आरसीवर नोंद हवी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी हवी. इंजिनचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणाऱ्याने इंजिन फुटल्यावर कंपनीच्या नावाने बोंब मारू नये. ते त्याचं त्याने फोडलंय.

पण सायलेन्सर बदलला म्हणून पॉवर विंडोची मोटर कशी जळते, एवढंच मला कुणीतरी समजावून सांगा.

हे विचारणारा मी पहिला नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. मूळ भांडण सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देण्याचं होतं. पण त्या आदेशात आपल्या कामाचं एक वाक्य आहे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच वर गेल्या, आणि दंडाचा वाद वर्षानुवर्षं चालला. शोरूमच्या भिंतीवर त्या आदेशाची चौकट काही लागली नाही. तिथे 'ग्राहक आमचा देव' अशी पाटी असते. देवाला नैवेद्य दाखवतात आणि ताट परत उचलून नेतात.

अमेरिकेत हा तंटा १९७५ सालच्या वॉरंटी कायद्याने बराचसा मिटवला. आमच्याच ब्रँडचा पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी गेली, असं तिथल्या कंपनीला म्हणता येत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. कंपन्यांनी वॉरंटीच्या अटी आणि दुरुस्तीची माहिती त्यावर टाकायची. ज्याला ओनर्स मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायचाही कंटाळा, तो पोर्टल उघडणार कधी?

एका बाबतीत मात्र कंपन्या खरं बोलतात, तेही नोंदवतो. आपल्या वसईत खरोखर बाहेरून येतं ते पाणी. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा-विरार पाण्यात बसलं, लोकल थांबल्या आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या अर्ध्या बुडाल्या. अशा गाडीला पहिला प्रश्न येतो, "स्टार्ट करून पाहिली का?" इथे ॲडव्हायजर टाळाटाळ करत नसतो. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबता येते, पाणी दबत नाही, त्यामुळे चावी फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. वॉरंटीत हे बसत नाही. साध्या विम्यातही 'तुम्हीच स्टार्ट केली' म्हणून दावा अडकतो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. अलॉय व्हीलवर चाळीस हजार उडवणारे ती पुरवणी 'फालतू खर्च' म्हणून खोडतात. गाडी बुडाली तर ढकला, टो करा, पण चावी फिरवू नका.

आणि मग गाडी परत देण्याचा सोहळा. गाडी तीन दिवस ठेवून, मूळ खडखड जशीच्या तशी ठेवून, इंजिन फ्लश आणि एसी डिसइन्फेक्शनचे पैसे लावून ॲडव्हायजर खाजगीत जवळ येतो. आवाज एकदम घरच्यासारखा. "काका, कंपनीकडून फोन येईल. दहापैकी दहा द्या हां. नऊ दिले तरी आमचे पैसे कापतात." तो खोटं बोलत नसावा. बिचारा दोन्हीकडून पिचलेला, वरून टार्गेट आणि खालून आपण. म्हणून आपण दहा देतो. कंपनीच्या तक्त्यात वसई-विरार हा अत्यंत समाधानी ग्राहकांचा पट्टा म्हणून नोंदला जात असेल.

त्या पोराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. त्याच्या हातातल्या जॉब कार्डावर मात्र पुष्कळ जागा असते. वॉरंटी नाकारली की कुठला पार्ट गेला, बाहेरच्या कुठल्या फिटिंगमुळे गेला आणि ते कसं तपासलं, हे तिथे सहीशिक्क्यानिशी लिहून मागा. 'सिस्टीममध्ये येत नाही' हे उत्तरही लिहूनच घ्या. पुष्कळदा लिहायची वेळ आली की आतून मॅनेजर उगवतो आणि 'गुडविल'मध्ये बघतो म्हणतो. नाहीच बघितलं, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आता राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूला फी शून्य, पाच ते दहा लाखांच्या गाडीला २०० रुपये. एसी डिसइन्फेक्शन याहून महाग पडतं.

लेखी कारण हातात येईपर्यंत फीडबॅकच्या फोनवर दहा देऊ नका.